एकोणिसाव्या नंबरच्या टीमचं काय बघता?

प्रश्न दोन तऱ्हेने येतो. सोसायटीतली पोरं विचारतात, "काकू, सिटी, आर्सेनल, लिव्हरपूल सोडून तुम्ही खालच्या लीगमधल्या ब्लॅकबर्नच्या मॅच का बघता?" आणि त्यांचे आईवडील विचारतात, "ब्लॅकबर्न म्हणजे ती आपल्या पुण्याच्या चिकनवाल्यांची, वेंकीजची टीम ना?" हे विचारताना ते थोडे हसतातही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण लिफ्टमध्ये उभ्याउभ्या देण्याएवढं ते छोटं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बैठक मारून सांगते. त्यासाठी एकच हंगाम घेते, 2023-24 चा. त्या वर्षी ब्लॅकबर्न रोव्हर्स इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत एकोणिसावे आले.

आधी त्या लीगबद्दल थोडं. इंग्लंडची सगळ्यात वरची लीग म्हणजे प्रीमियर लीग, आणि तिच्या लगेच खालची पायरी म्हणजे चॅम्पियनशिप. 24 संघ, प्रत्येकाचे 46 सामने. पहिले दोन थेट वर जातात. मी सांगते आहे त्या हंगामांत तिसऱ्या ते सहाव्या नंबरचे चार संघ प्ले-ऑफ, म्हणजे आपसात बाद फेरी, खेळायचे आणि त्यातला लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामना जिंकणारा एकच वर जायचा. तळाचे तीन खाली, लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत. प्रीमियर लीगमधून पडलेल्या क्लबांना पुढची दोन-तीन वर्षं वरून मोठी रक्कम मिळत राहते, त्यामुळे नुकताच पडलेला संघ खिसा भरून खेळतो आणि जुना रहिवासी चणचणीत. मार्च महिन्यात गुणतक्ता उघडून बघा. जवळजवळ प्रत्येक संघाला एक तर कशाची तरी आशा असते, नाहीतर कशाची तरी धास्ती. प्रीमियर लीगमध्ये दहाव्या-बाराव्या नंबरचे संघ तोवर सुट्टीच्या मूडमध्ये गेलेले असतात.

आता ब्लॅकबर्न. मँचेस्टरच्या उत्तरेला, लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं जुनं गाव. क्लब 1875 चा, 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारांपैकी एक. (जाता जाता: शेजारच्या डार्वेनमध्ये 1931 साली गांधीजी गिरणी कामगारांना भेटायला गेले होते. आपल्या बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला, त्या कामगारांनीच त्यांचं मनापासून स्वागत केलं. ईवुड पार्क हे रोव्हर्सचं मैदान गावाच्या त्याच अंगाला आहे.) पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेल्या जॅक वॉकर यांनी आपल्या गावच्या क्लबवर तो ओतला आणि 1995 मध्ये ब्लॅकबर्न इंग्लंडचा विजेता झाला. ॲलन शिअररने त्या हंगामात लीगमध्ये 34 गोल केले. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर हरले, तरीही विजेतेपद त्यांचंच, कारण तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला बरोबरीत रोखलं होतं.

वॉकर गेले 2000 साली. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 2010 मध्ये, क्लब विकत घेतला पुण्याच्या वेंकीजने. सिंहगड रस्त्यावर ज्यांचं मुख्यालय आहे, तेच. कोंबडीच्या धंद्यात देशात आघाडीवर असलेला समूह, लँकेशायरमध्ये मात्र कुणी नाव न ऐकलेला. महिन्याभरात मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढलं, दीड वर्षात, 2012 च्या मे महिन्यात, संघ खाली पडला. ज्या रात्री ते पक्कं झालं, त्या रात्री ईवुड पार्कच्या गवतावर कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी सोडली. ते फुटेज जगभर फिरलं. इथे पुण्यात लोक हसले. मलाही आधी हसूच आलं. मग वाटलं, आपल्या गावातल्या एका कचेरीत निर्णय होतात आणि हजारो मैलांवरचं एक गाव शनिवारी रात्री जेवत नाही, हे काय प्रकरण आहे ते बघितलं तर पाहिजे. तेव्हापासून बघते आहे.

त्याच्या आधी, 2011 च्या ऑक्टोबरमध्ये हीच टीम बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून गेली होती. तेव्हा प्रीमियर लीगचा क्लब पुण्यात आला म्हणून कौतुक झालं. पुढे 2017 मध्ये रोव्हर्स आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेले, तेही निव्वळ गोलफरकाने (केलेले गोल वजा खाल्लेले गोल), शेवटच्या दिवशी सामना जिंकून. वर्षभरात मॅनेजर टोनी मोब्रे यांनी त्यांना परत वर आणलं. कौतुक करणारे तोवर पांगले होते.

तर 2023-24. त्याच्या आदल्या हंगामात रोव्हर्स सातवे आले होते. सहाव्या संडरलंडचे 69 गुण, यांचेही 69, प्ले-ऑफ गेला गोलफरकावर. डॅनिश मॅनेजर यॉन डाल टोमासन यांनी तरुण पोरांचा, चेंडू पायाशी ठेवून खेळणारा संघ बांधला होता. दोन-तीन चांगले खेळाडू घेतले असते तर पुढची उडी शक्य होती. नेमके तेव्हाच पैसे आटले.

का आटले, ही गोष्ट इंग्लंडपेक्षा आपल्याला लवकर समजते. ईवुड पार्कचा तोटा दरवर्षी मालक भरून काढतात. या क्लबचं उत्पन्न त्याच्या पगारांनाही पुरत नाही, आणि चॅम्पियनशिपमध्ये हे सर्रास चालतं. हे पैसे भारतातून जायचे. परकीय चलनाच्या नियमांवरून ईडीची चौकशी सुरू झाल्यावर पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली आणि परवानगी मिळाली तरी जेवढी रक्कम पाठवायची, तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी इथे ठेवायची. म्हणजे ब्लॅकबर्नच्या चाहत्याला आपला डावा बॅक कोण असेल हे कळायला दिल्लीतली पुढची तारीख बघावी लागायची! तारीख पडणे म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना नव्याने शिकावं लागलं.

जानेवारीत ॲडम व्हॉर्टन विकला गेला. हा ब्लॅकबर्नचाच मुलगा, सहा वर्षांचा असल्यापासून क्लबच्या अकादमीत. एकोणीस वर्षांचा मिडफिल्डर, मान वर ठेवून खेळणारा, चेंडू यायच्या आधीच पुढचा पास ठरवलेला. क्रिस्टल पॅलेसने 1.8 कोटी पौंड आणि वर काही अटींवर आधारित रक्कम मोजली. त्याच उन्हाळ्यात तो युरो स्पर्धेच्या इंग्लंड संघात होता. गावच्या पोराला विकून वर्षाचा खर्च भागवावा लागतो, हे दुसऱ्या श्रेणीचं रोजचं अर्थशास्त्र आहे. त्यात मालकांना वेगळा दोष देता येत नाही, पण ते बघणं जड जातं.

त्याच्या बदल्यात एक तरी स्ट्रायकर यायला हवा होता. अमेरिकेतून, ऑरलँडो सिटीकडून, डंकन मॅग्वायर नावाचा मुलगा विमानाने आला. खेळाडू घेण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागदपत्रांत घोळ झाला आणि लीगने ट्रान्सफर नामंजूर केली. तो आला तसा परत गेला. गंमत म्हणजे बरोबर वर्षभरापूर्वी नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या लुईस ओब्रायनचंही ब्लॅकबर्नकडे येताना असंच झालं होतं, कागद वेळेत पोहोचले नाहीत. तहसील कचेरीची खिडकी पाचला बंद होते आणि आपण पाच वाजून पाच मिनिटांनी उतारा घेऊन हजर, तेही लागोपाठ दोन वर्षं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टोमासन गेले. "परस्पर संमतीने" असं पत्रक निघालं. अशा पत्रकांत संमती किती असते ते नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांच्या जागी जॉन यूस्टस आले, आणि इथून ही गोष्ट एखाद्या मुरलेल्या नाटककाराने लिहिल्यासारखी होते.

यूस्टस त्याच हंगामात बर्मिंगहॅम सिटीचे मॅनेजर होते. ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅम सहाव्या नंबरवर असताना नव्या मालकांनी त्यांना काढलं आणि वेन रूनी यांना आणलं, कारण मालकांना मोठं नाव हवं होतं. रूनींनी पंधरा सामन्यांत दोन जिंकले आणि नव्या वर्षाच्या दुसऱ्याच दिवशी तेही गेले. बर्मिंगहॅम घसरत राहिलं. इकडे ब्लॅकबर्नही घसरत होतं. यूस्टस यांनी आल्यावर काही जादू केली नाही. बचाव जरा घट्ट केला, बरोबऱ्या साठवल्या, एकेक गुण गोळा केला. त्या काळात सामने बघणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा होती. हिवाळ्यात त्यांचा मंगळवारचा सामना आपल्याकडे रात्री सव्वा वाजता सुरू होतो आणि त्यात नव्वद मिनिटं गोल होत नाही.

पण त्यांच्याकडे सॅमी स्मॉडिक्स होता. ठेंगणा, खांदे पाडून धावणारा, आयर्लंडकडून खेळणारा. संघाने लीगमध्ये एकूण 60 गोल केले, त्यातले 27 एकट्याचे. सगळ्या चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक. खाली पडता पडता वाचलेल्या संघातला खेळाडू लीगचा सर्वोच्च गोलवीर, हे फार क्वचित दिसतं. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत समोर रेक्सहॅम आले, ते हॉलिवूडच्या दोन नटांच्या मालकीचे, आपल्याकडेही ज्यांची मालिका लोक बघतात ते. स्मॉडिक्सने दोन गोल केले आणि आम्ही जिंकलो, 4-1. न दिसणाऱ्या मालकांच्या संघाने कॅमेऱ्यासमोर राहणाऱ्या मालकांच्या संघाला घरी पाठवलं याचा मला जरा जास्तच आनंद झाला. पुढच्या फेरीत न्यूकॅसलला पेनल्टीपर्यंत खेचलं आणि हरले. एप्रिलमध्ये वर जायच्या शर्यतीतल्या लीड्सला त्यांच्याच मैदानावर 1-0 हरवलं. गोल कुणाचा, हे सांगायला नको.

शेवटचा दिवस 4 मे 2024. सगळे सामने एकाच वेळी, आपल्याकडे संध्याकाळी पाचला. ब्लॅकबर्नचे 50 गुण, शेफील्ड वेन्सडेचे 50, प्लिमथचे 48, बर्मिंगहॅमचे 47. यांपैकी एक जण खाली जाणार. ब्लॅकबर्नचा सामना लेस्टरला, विजेतेपद आधीच पक्कं केलेल्या आणि त्या दिवशी चषक उचलणाऱ्या संघाशी. बाकी तिघेही जिंकले. म्हणजे ब्लॅकबर्न हरलं असतं तर त्यांचे 50 आणि बर्मिंगहॅमचे 50, आणि गोलफरकात ब्लॅकबर्न मागे. खेळ खलास. स्मॉडिक्सने दोन गोल केले, 2-0. रोव्हर्स 53 गुणांवर एकोणिसावे आणि बर्मिंगहॅम तिसऱ्या श्रेणीत. ज्या माणसाला बर्मिंगहॅमने सहाव्या नंबरवर असताना काढलं, त्याच माणसाचा संघ त्या दिवशी वाचला. त्याच दुपारी प्रीमियर लीगमध्येही सामने होते. ते कोण जिंकलं, हे आता मला आठवत नाही.

आता मालकांबद्दल, कारण पुण्यातल्या माणसाने विचारलं की उत्तर टाळता येत नाही. तिथल्या चाहत्यांचा राग मी बरीच वर्षं वाचते आहे. माझं मत तुम्हाला पटेलच असं नाही. वेंकीजने पैसे घातले नाहीत हे खरं नाही, तोटा भरत चौदा-पंधरा वर्षं क्लब चालू ठेवला आहे. शेजारचं बरी एफसी 2019 मध्ये पैशांअभावी लीगमधून बाहेर फेकलं गेलं, ते तिथले लोक विसरलेले नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे: मालक तिथे जात नाहीत. वर्षानुवर्षं ईवुड पार्कच्या खुर्चीत ते कुणाला दिसलेले नाहीत, चाहत्यांशी बोलत नाहीत, का विकलं, का नाही घेतलं, काही सांगत नाहीत. जॅक वॉकर त्याच गावचे होते. त्यांच्याशी तुलना होणार हे क्लब घेतानाच समजायला हवं होतं. हारजीत लोक पचवतात. एकतीस हजार खुर्च्यांना एका शब्दाचंही उत्तर न मिळणं त्यांना पचत नाही, आणि ते पचू नये असंच मला वाटतं.

पोरांचा नेहमीचा पुढचा प्रश्न असतो, "मग वर जाणार का, काकू?" त्याचं उत्तर मी आकड्यांत देते. त्या उन्हाळ्यात स्मॉडिक्स इप्सविचला विकला गेला. तरीही 2024-25 मध्ये यूस्टस यांनी संघ फेब्रुवारीत पाचव्या नंबरवर नेला आणि मग स्वतःच डर्बी काउंटीला निघून गेले, तेव्हा खाली पडण्याच्या भीतीत असलेल्या क्लबकडे. त्यांच्या जागी व्हॅलेरियन इस्माएल आले. शेवटच्या दिवशी शेफील्ड युनायटेडशी 1-1. सहाव्या ब्रिस्टल सिटीचे 68 गुण, ब्लॅकबर्नचे 66. पुन्हा सातवे. दोन हंगामांपूर्वी जेवढे गुण मिळूनही प्ले-ऑफ हुकला होता, तेवढे या वेळी मिळाले असते तर पुरले असते.