पगार कुणालाच नाही, पण स्टेशन चोवीस तास चालू: डान्स म्युझिक रेडिओवरचा माझा अनुभव

असं रेडिओ स्टेशन कसं चालतं आणि त्याचं लायसन्स कसं मिळतं हे बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. मी मूळची सांगलीची, नोकरीसाठी इंग्लंडला रेडिंगमध्ये आले आणि इथल्या एका डान्स म्युझिक रेडिओ स्टेशनवर व्हॉलंटिअर झाले. हाउस, गराज, जंगल, ड्रम अँड बेस, डान्स म्युझिकचे हे सगळे प्रकार वाजतात. पगार कुणालाच नाही, स्टेशन मॅनेजरलाही नाही, उलट शो करणारा प्रत्येकजण महिन्याला ठरावीक वर्गणी देतो आणि त्यातून जागेचं भाडं, वीज, इंटरनेट भागतं. बाबांनी फोनवर विचारलं की किती देतात, तर मी म्हटलं मीच देते, त्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी आले तेव्हा स्टेशन फक्त इंटरनेटवर होतं, मग आम्ही 28 दिवसांचं एफएमचं लायसन्स काढलं, आणि आता डॅबवर, म्हणजे इथल्या डिजिटल रेडिओवर आहोत.

सुरुवातीलाच एक सांगते, तू काय वाजवतेस हे मला पहिल्या भेटीत कुणी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच की आठवड्यातली कुठली संध्याकाळ नक्की मोकळी असते. तेव्हा विचित्र वाटलेलं, आता नवीन माणूस आला की मीही तेच विचारते.

आधी ट्रेनिंग असतं. माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर केली की स्टुडिओतले स्पीकर आपोआप बंद होतात, नाहीतर फीडबॅक येईल, म्हणजे कर्कश शिट्टी, त्यामुळे बोलताना सगळं हेडफोनवरच ऐकायचं. मिक्सरचे दिवे लाल होऊ द्यायचे नाहीत, क्लबमध्ये बरेच डीजे सर्रास लालमध्ये वाजवतात पण इथे पुढे लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र, बसलेला असतो आणि तो मग सगळा आवाज दाबून सपाट करून टाकतो. आणि शांतता अजिबात चालत नाही. ठरावीक सेकंद आवाज गेला की सायलेन्स डिटेक्टरला, म्हणजे शांतता पकडणाऱ्या मशिनला, वाटतं स्टुडिओत कुणी नाही आणि तो बॅकअपची गाणी सुरू करतो. आता टेक्नो आणि प्रोग्रेसिव्ह हाउसमध्ये मधेच सगळे ड्रम थांबून नुसता एक बारीक सूर चालू राहतो ना, त्याला ब्रेकडाउन म्हणतात, तर कधीकधी मशिनला तीच शांतता वाटायची आणि ऐन रंगात आलेल्या सेटवर बॅकअपचं गाणं येऊन आदळायचं! शेवटी आमच्या इंजिनिअरने तासन् तास वेगवेगळे ट्रॅक लावून त्याची लेव्हल आणि वेळ बसवली. हा माणूस दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो आणि रात्री आमचा ट्रान्समीटर बघतो.

लायसन्सचं पहिल्यांदा बोलणं निघालं तेव्हा मीटिंगमध्ये दोन तट पडले. तरुण पोरं म्हणत होती कशाला पाहिजे एफएम, सगळे फोनवरच ऐकतात. तेव्हा आमच्यातले एक सत्तरीचे गृहस्थ, त्यांचे आईवडील जमैकाहून आलेले, ते उभे राहिले आणि त्यांनी लंडनच्या किस एफएमची गोष्ट सांगितली. 1985 च्या ऑक्टोबरमध्ये किस सुरू झालं तेव्हा ते पायरेट होतं, म्हणजे लायसन्सशिवाय चालणारं. सोल, फंक, हिप हॉप, नंतर हाउस, असलं जे मोठ्या स्टेशनांवर फारसं वाजत नव्हतं ते तिथे वाजायचं. नॉर्मन जे, जॅझी बी, ट्रेव्हर नेल्सन हे सगळे डीजे तिथले. अधिकारी छापे घालून सामान न्यायचे, हे लोक परत नवीन आणायचे. मग 1988 च्या शेवटी त्यांनी स्वतःहून प्रसारण थांबवलं, कारण कायदेशीर लायसन्ससाठी अर्ज करायचा होता. आणि पहिल्या फेरीत ते लायसन्स गेलं जॅझच्या स्टेशनला. स्टेशन बंद, लायसन्स नाही, अशा अवस्थेत लोक एकत्र धरून ठेवायचे, परत अर्ज करायचा, हे त्यांनी केलं, 1989 संपता संपता लायसन्स मिळालं आणि 1 सप्टेंबर 1990 ला किस कायदेशीररीत्या सुरू झालं. ते गृहस्थ म्हणाले, मधल्या त्या दीड-दोन वर्षांत ऐकणारे आम्ही लोक कुठेही गेलो नाही, कारण त्यांनी आधीच आम्हाला आपलं मानलं होतं.

रिन्स एफएमचंही तसंच. 1994 ला पूर्व लंडनमध्ये जीनियस आणि स्लिमझी या दोन डीजेंनी पायरेट म्हणून सुरू केलं, उंच इमारतींच्या गच्च्यांवर एरियल लावून. आज ज्याला ग्राइम आणि डबस्टेप म्हणतात ते वाढलं ते अशा स्टेशनांवर. 2005 मध्ये कोर्टाने स्लिमझीला त्या भागातल्या इमारतींच्या गच्च्यांवर जायलाच बंदी घातली. आणि 2010 मध्ये त्याच रिन्सला ऑफकॉमने, म्हणजे इथे रेडिओ-टीव्हीची लायसन्स देणाऱ्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, कम्युनिटी रेडिओचं लायसन्स दिलं. सोळा वर्षं! त्यातली बरीचशी वर्षं डीजे स्वतः वर्गणी भरून शो करायचे, ती पद्धत आमच्याकडेही तिथूनच आलेली. मला हे सगळं नवीन होतं आणि खरं सांगते त्या रात्री घरी जाऊन मी लायसन्सचा फॉर्म उघडून बसले.

तर आता प्रोसेस. इथे थोड्या मुदतीसाठी जे लायसन्स मिळतं त्याला आरएसएल म्हणतात, जास्तीत जास्त सलग 28 दिवस. रमजानमध्ये कितीतरी शहरांत मशिदींशी जोडलेली मंडळी याच लायसन्सवर महिनाभर रेडिओ चालवतात, कॉलेजं चालवतात. अर्जाची फी परत मिळत नाही आणि फ्रिक्वेन्सी शिल्लक असेल तरच मिळते, लंडनच्या आसपास तर हवा अगदी गच्च भरलेली आहे त्यामुळे धाकधूक होती. एरियल कुठल्या इमारतीवर, जमिनीपासून किती उंच, त्या इमारतीच्या मालकाची लेखी परवानगी, विमा, जबाबदार माणूस कोण, सगळं लागतं. एफएमवर पॉवर जास्तीत जास्त 25 वॉट. घरातल्या बल्बएवढी! पण उंचावरून सोडली तर शहर बऱ्यापैकी कव्हर होतं. याशिवाय संगीताची दोन वेगळी लायसन्स, पीआरएस आणि पीपीएल, एक गाणं लिहिणाऱ्या-रचणाऱ्यांसाठी आणि दुसरं रेकॉर्डिंग ज्यांचं आहे त्यांच्यासाठी. म्हणून वाजलेल्या ट्रॅकची यादी ठेवायची, आणि डीजे लोकांकडून यादी मिळवणं हे सगळ्यात चिकट काम आहे, कारण अर्ध्या ट्रॅकना नावच नसतं, मित्राने कालच पाठवलेली फाइल असते.

शिव्यांचा प्रश्न वेगळाच. ऑफकॉमच्या नियमाप्रमाणे ज्या वेळी मुलं रेडिओ ऐकत असण्याची शक्यता जास्त, म्हणजे शाळेच्या दिवसांत साधारण सकाळी 6 ते 9 आणि दुपारी 3 ते 7, तेव्हा फार जपावं लागतं. आणि जंगल, ग्राइमच्या ट्रॅकमध्ये शिव्या कुठे दडलेल्या असतील सांगता येत नाही, मूळ गाणं नुसतं इन्स्ट्रुमेंटल वाटतं आणि चौथ्या मिनिटाला एक सॅम्पल, म्हणजे दुसरीकडून उचललेला आवाजाचा तुकडा, येतो. म्हणून आम्ही चार-पाच जणींनी मिळून दुपारच्या शोचे यूएसबी आधी मागवून पूर्ण ऐकायला सुरुवात केली. कंटाळवाणं काम आहे, पण या निमित्ताने मी जेवढं संगीत ऐकलं तेवढं आयुष्यात ऐकलं नव्हतं. शिवाय जे काही प्रसारित होतं त्याचं रेकॉर्डिंग 42 दिवस जपून ठेवावं लागतं, तक्रार आली तर ऑफकॉम मागू शकतं. ते कॉम्प्युटरवर आपोआप होतं, पण होतंय की नाही हे रोज कुणीतरी बघायला लागतं. ते काम मी घेतलं आणि अजून माझ्याकडेच आहे.

मग रोटा, म्हणजे कुठल्या तासाला कोण येणार त्याचं वेळापत्रक. 28 दिवसांचे तास होतात 672. रात्रीचे काही तास रेकॉर्ड केलेले शो लावले तरी उरलेल्या प्रत्येक तासाला जिवंत माणूस पाहिजे, ज्याला सकाळी ऑफिस आहे, मुलाला शाळेत सोडायचंय, शिफ्ट आहे. शुक्रवारी रात्री 9 चा स्लॉट मागायला रांग लागते. मंगळवारी सकाळी 6 चा कोण घेणार? तो घेतला एका नर्सने, नाइट शिफ्ट संपवून थेट यायची आणि एकदम हळुवार हाउस लावायची, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त मेसेज तिलाच यायचे, टॅक्सीवाले, बेकरीवाले, तिच्यासारखेच ड्युटी संपवून घरी निघालेले लोक. माझं तर ठाम मत झालंय की डान्स स्टेशन शुक्रवारच्या रात्रीवर उभं राहत नाही, ते मंगळवारच्या सकाळवर उभं राहतं. डीजे ढीगभर मिळतात. पहाटे साडेपाचला येऊन कुलूप उघडणारा माणूस मिळत नाही, आणि तो मिळाला तर त्याला जिवापाड जपलं पाहिजे.

एफएम चालू झालं त्या दिवशी आम्ही गाड्या घेऊन शहरभर फिरलो, नकाशावर खुणा करत, कुठे स्वच्छ ऐकू येतंय, कुठे खरखर, टेकडीच्या मागे गेलं की सिग्नल एकदम गायब. हाय-हॅट, म्हणजे ती बारीक छन्‌छन् असते ना, ती सुरुवातीला फाटल्यासारखी येत होती. इंजिनिअरने समजावलं की एफएमवर पाठवताना वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओ ते परत खाली आणतो, त्यामुळे खुरखुर कमी होते, पण डान्स म्युझिकमध्ये वरचे सूर आधीच इतके भरलेले असतात की लिमिटर त्यांच्यावरच तुटून पडतो. त्याने प्रोसेसिंग बदललं, आणि त्याच संध्याकाळी एका कबाबच्या दुकानात आमचं स्टेशन मोठ्यांदा लागलेलं ऐकलं तेव्हा आम्ही सगळे दारात उभे राहून ऐकतच बसलो.

त्या महिन्यात गणपती होते. मला एक तास मिळाला. सांगलीच्या मिरवणुकीत मी स्वतः फोनवर रेकॉर्ड केलेला ढोल-ताशा होता, हक्कांचा प्रश्न नाही, तो मी जंगलच्या ट्रॅकखाली बसवला. जंगल आणि ड्रम अँड बेस मिनिटाला 160 ते 175 ठोक्यांवर चालतं आणि ताशाची तर्री त्यात इतकी फिट बसते की काही करावंच लागत नाही, फक्त ढोलाचा ठोका बेसच्या आधी यायला पाहिजे एवढं सांभाळायचं. पलीकडच्या गल्लीतल्या एका मराठी काकूंचा मेसेज आला की स्वयंपाक करता करता गॅस बंद केला आणि ऐकत उभी राहिले. आमच्या त्या सत्तरीच्या गृहस्थांनी नंतर ताशाबद्दल इतकं विचारलं, चामडं की फायबर, काठ्या कसल्या, की मी सांगलीला भावाला फोन लावून दिला आणि दोघं बोलत बसले.

28 दिवस संपले की ट्रान्समीटर बंद करावाच लागतो. त्यानंतरचे महिने सगळ्यात अवघड गेले. उत्साह ओसरतो, लोक गळतात, वर्गणी थकते. आम्ही फक्त एक गोष्ट केली, ऑनलाइन रोटा एकही आठवडा मोडू दिला नाही. ज्यांना शो जमत नव्हता त्यांना दुसरं काम दिलं, पोस्टर, हिशेब, नवीन लोकांचं ट्रेनिंग.

तोवर स्मॉल स्केल डॅबची, म्हणजे छोट्या भागापुरत्या डिजिटल रेडिओची, वाट दिसली होती. पूर्वी डॅबचं मल्टिप्लेक्स, म्हणजे अनेक स्टेशनं एकत्र करून एकाच सिग्नलवर पाठवणारी यंत्रणा, हा मोठ्या कंपन्यांचा खेळ, आमच्यासारख्यांना ते भाडं परवडणं शक्य नव्हतं. मग ऑफकॉममधल्या रशीद मुस्तफा नावाच्या इंजिनिअरने दाखवून दिलं की ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि साध्या कॉम्प्युटरवर छोट्या भागापुरतं मल्टिप्लेक्स चालवता येतं, 2015 ला दहा ठिकाणी त्याच्या चाचण्या झाल्या आणि 2020 पासून रीतसर लायसन्स द्यायला सुरुवात झाली. ब्रिटनमधल्या किती छोट्या स्टेशनांना या एका गोष्टीने जागा मिळवून दिली! आम्ही कम्युनिटी डिजिटल लायसन्ससाठी अर्ज केला. त्यात नफा कमवायचा नाही, आणि स्टेशनमुळे भागातल्या लोकांचं काय भलं होणार, लोक चालवण्यात कसे सहभागी होणार हे लिहून द्यावं लागतं. इथे आमचा कंटाळवाणा कारभार कामाला आला, कारण ट्रेनिंग किती जणांना दिलं, कोण कुठल्या शोला होतं, सगळं तारखेसकट लिहिलेलं होतं. मल्टिप्लेक्सवाल्यांशी करार वेगळा करावा लागतो, जितके किलोबिट जास्त घ्याल तितका आवाज चांगला पण भाडंही जास्त, आणि त्यावर आमच्या दोन मीटिंगा नुसत्या भांडणात गेल्या कारण बेसवाल्यांना आणि हिशेबवाल्यांना एकच आकडा मान्य होईना. लायसन्स मिळालं. आता गाडीत बसलं की यादीत आमचं नाव येतं.

पुण्यातले मित्र विचारतात आपल्याकडे असं करता येईल का. भारतात कम्युनिटी रेडिओचं लायसन्स 2002 पासून शिक्षणसंस्थांना आणि 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळतं, एकट्यादुकट्या माणसाला नाही. पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी किंवा म्हसवडचं माणदेशी तरंग याच वाटेने चालतात, पण तिथे स्थानिक लोकांच्या गरजेचे कार्यक्रम हवेत, नुसतं डान्स म्युझिक चालणार नाही. मग राहतं इंटरनेट. दिल्लीत 2017 ला सुरू झालेलं बॉक्सआउट एफएम तसंच ऑनलाइन आहे आणि देशभरातले डीजे तिथे वाजवतात. सॉफ्टवेअरचा खर्च तर जवळजवळ शून्य, गाणी मिक्स करायला मिक्स्स, प्रसारण पाठवायला बट, स्टेशन चालवायला अझुराकास्ट, हे सगळं फुकट मिळतं, संगीताच्या हक्कांचं मात्र आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी भारतातली संस्था, वगैरेंकडे आधी रीतसर विचारा. आणि डीजे शोधायच्या आधी रोटा सांभाळणारी दोन माणसं शोधा.

आमच्याकडे सध्या रविवार सकाळ 6 ते 8 रिकामी आहे. रेडिंग, स्लाव, ब्रॅकनेलकडचं कुणी वाचत असेल आणि लवकर उठत असेल तर खरंच कळवा, मिक्सिंग येत नसलं तरी चालेल, ते मी शिकवते.