नाशिकची सावली, कोल्हापूरची सावली

नाशिकच्या आमच्या शाळेत नववीच्या प्रयोगवह्या तपासताना दरवर्षी तेच दिसतं. उत्तर पुस्तकात असतं, त्यामुळे मुलं निरीक्षणं त्याला जुळवून घेतात. मला असा प्रयोग हवा होता, जो जुळवायचा म्हटलं तरी जुळणार नाही. म्हणून कोल्हापुरात शिकवणाऱ्या माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीला फोन केला. एकाच दिवशी दोन्ही गावांत दुपारची सावली मोजायची आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढायचा. अर्धं उत्तर आमच्याकडे, अर्धं त्यांच्याकडे. दोन्हीकडची नोंद वहीत पेनाने झाल्याशिवाय आकडे एकमेकांना सांगायचे नाहीत, एवढा एकच नियम.

पद्धत जुनीच. मध्यान्हीला सूर्य डोक्यावरून किती अंश कललाय, तो कोन सावलीवरून काढायचा. दोन गावांच्या कोनांतला फरक 360 अंशांचा जितका भाग, तितकाच भाग त्यांच्यातलं अंतर परिघाचा. प्राचीन ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसची गोष्ट मुलांना माहीत असते. पण भास्कराचार्यांनीही 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त हेच त्रैराशिक मांडलंय, म्हटल्यावर मागच्या बाकावरचेही सरसावून बसले.

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "पोर्शनमध्ये कुठे बसतं हे?" नववीच्या गणित भाग 2 मध्ये त्रिकोणमिती आहे, ती दाखवली. गणिताच्या सरांनी आपला तास दिला आणि परवानगी मिळाली. दुसरा प्रश्न होता शून्य सावलीच्या दिवसाचा, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाचा. तो आपल्याकडे एकदा मे महिन्यात येतो, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि पुन्हा येतो तो ऐन पावसाळ्यात. पण त्याची गरजच नाही. एकाच दिवशी मध्यान्हीला दोन्हीकडचे कोन मोजले, तर सूर्य दोन्ही गावांच्या एकाच बाजूला असेल अशा कोणत्याही दिवशी त्यांच्यातला फरक तेवढाच येतो. डिसेंबरात सावल्या लांब पडतात आणि आभाळ बहुधा मोकळं असतं, म्हणून डिसेंबर ठरला.

खरी मजा अंगणात आली. शहाबादी फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग गॅदरिंगच्या स्टेजची फळी आणून लेव्हल केली. एक मीटरचा पीव्हीसी पाइप ओळंब्याने सरळ उभा केला. ओळंबा एका मुलीने घरून आणला होता, तिचे वडील गवंडीकाम करतात. त्या दिवशी त्या गटात तिचाच शब्द चालला.

आणि मग भांडण. सावली नेमकी संपते कुठे? सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची. त्यामुळे सावलीचं टोक दीडेक सेंटिमीटरभर पुसट दिसतं. इथे एक सेंटिमीटर चुकलं तर परिघात सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा फरक पडतो! शेवटी पाइपच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवला. त्यातून फळीवर सूर्याची लंबगोल प्रतिमा पडली. तिच्या मधोमध पेन्सिलीने खूण, दर पाच मिनिटांनी. घड्याळ जुळवायची भानगड नको, प्रत्येक गावाने आपली सगळ्यात आखूड सावली घ्यायची. आमची साडेबाराच्या आसपास आली.

अंतरावरही वाद झाला. काहींनी फोनवर हायवेचे किलोमीटर काढले. पण हवं होतं ते सरळ दक्षिणोत्तर अंतर. कोल्हापूर किंचित पूर्वेला आहे, तेवढं सोडून नकाशावर पट्टीने मोजल्यावर 365 किमी आलं. अक्षांशांवरून काढलं असतं तर मात्र परीघ आधीच माहीत असल्यासारखं झालं असतं. हा मुद्दा एका मुलाने काढला, मी नाही.

संध्याकाळी फोन स्पीकरवर लावला. आमची सावली 94.8 सेंमी, त्यांची 84. कोन 43.47 आणि 40.03 अंश, फरक 3.44. परीघ आला सुमारे 38,200 किमी. खरा 40,000 च्या आसपास. साडेचार टक्के कमी. पलीकडून लगेच आवाज आला, "तुमचं काहीतरी चुकलंय." इकडून उत्तर गेलं, "तुमची फळी लेव्हल केली होती का?"

दोन्ही शाळांनी एकमेकांकडे फळीचे, ओळंब्याचे फोटो मागितले. प्रयोगवहीतल्या आकड्यांवर इतकी झाडाझडती मी तरी आधी पाहिली नव्हती. मुख्याध्यापकांना अहवाल हवा होता, त्यांनी विचारलं, सगळ्या गटांचं उत्तर वेगवेगळं कसं? मी सगळ्या गटांचे आकडे, खाडाखोडीसकट, झेरॉक्स काढून जोडले. येत्या डिसेंबरात कोल्हापूरकरांनी दोन मीटरचा पाइप आणायचं ठरवलंय. आमची मुलं म्हणताहेत, मग भोकही त्या हिशोबाने मोठं पाडावं लागेल का, ते आधी तपासू.