बाई, रबर काढू का?
हातच्याची वजाबाकी फळ्यावर कितीही वेळा करून दाखवा, पोरं ४२ मधून १७ घालवताना सरळ ७ मधून २ काढतात आणि ३५ लिहून मोकळी होतात. मी पण आधी जाम वैतागायचे, मग एकदा आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावायला लावले आणि म्हटलं, आता यातून १७ द्या मला. चार गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या दोनच! थोडा वेळ सगळे गप्प, मग एकाने विचारलं, "बाई, रबर काढू का?" झालं, सुटला की दशक. गठ्ठे मात्र पोरांनाच बांधू द्या हं, आयते दिले तर दहा मोजायचंच राहून जातं. आणि रबर जास्तीचे ठेवा, निम्मे तर एकमेकांवर उडवण्यातच जातात.