‘वाइंड डाउन’: चावी उतरत आलेलं घड्याळ

‘वाइंड डाउन’ (wind down) या इंग्रजी शब्दप्रयोगाचा आधी उच्चार. हा ‘विंड’ म्हणजे वारा नव्हे. ‘फाइंड’शी यमक जुळणारा हा ‘वाइंड’, म्हणजे गुंडाळणं, चावी देणं. भूतकाळात त्याचं ‘वाउंड’ होतं. ‘वूंड’ म्हणालात तर जखम झाली!

अर्थासाठी आठ दिवसांच्या चावीचं भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. चावी दिली की आतली पोलादी स्प्रिंग गच्च आवळली जाते आणि मग आठवडाभर सुटत राहते. शेवटी शेवटी जोर कमी पडतो, लंबकाचा झोका आखूड होतो, टोल रेंगाळत पडतात आणि टिकटिक थांबते. हा सगळा उतार म्हणजे ‘वाइंड डाउन’. त्यात अखेरीस थांबणं गृहीत आहे. वळणावर गाडी ‘स्लो डाउन’ करतात, कारण पुढे पुन्हा वेग घ्यायचाच असतो.

मराठीत याला एकच शब्द शोधत बसू नये. ‘द पार्टी इज वाइंडिंग डाउन’ म्हणजे पार्टी आटोपत आली. ‘दे आर वाइंडिंग डाउन द बिझनेस’ म्हणजे धंदा आवरता घेताहेत. इथे ‘गाशा गुंडाळला’ हमखास लिहिलं जातं आणि ते चुकतं. गाशा एका रात्रीतही गुंडाळता येतो. झोपण्यापूर्वी पुस्तक घेऊन ‘वाइंड डाउन’ होणाऱ्याचा मात्र दिवसभराचा ताण उतरत असतो. तिथे ‘शांत होणे’ नको, शांत होतो तो रागावलेला माणूस.

सर्वनाम मध्ये येतं: ‘वाइंड इट डाउन’. ‘वाइंड डाउन इट’ चूक. आणि ब्रिटिश माणूस गाडीत ‘वाइंड डाउन द विंडो’ म्हणाला तर फक्त काच खाली करायची.

खरा घोटाळा ‘वाइंड अप’चा. घड्याळाला चावी देणं ‘वाइंड अप’ आणि कंपनी कायमची बंद करणंही ‘वाइंड अप’! आपल्या कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २७१ मध्ये न्यायाधिकरणाने कंपनी ‘वाउंड अप’ करण्याची कारणं दिली आहेत. ती कायदेशीर प्रक्रिया: मालमत्ता विकायची, देणी भागवायची. नव्या ऑर्डर न घेता हातातलं काम पुरं करत जाणं, हे नुसतं ‘वाइंड डाउन’. बातमीत या दोहोंची अदलाबदल झाली, तर चालू कंपनी कागदावर मेलेली दिसते.

‘वाइंड डाउन’च्या जवळचे आणखी दोन शब्दही वेगळे ठेवा. स्टेरॉइडचा डोस पायरीपायरीने कमी करणं याला डॉक्टर ‘टेपर’ म्हणतात. रानातली पायवाट पुसट होत गवतात हरवते, ते ‘पीटर आउट’. तिथे कुणी काही आवरतं घेतलेलं नसतं.