युरेनसची कडी आणि ताऱ्याचे मंदावणे

युरेनसचा विषय निघाला की मला १० मार्च १९७७ ची रात्र आठवते, म्हणजे तिच्याविषयी वाचलेले सारे डोळ्यांपुढे उभे राहते. त्या रात्री हा ग्रह एका ताऱ्याच्या पुढून सरकणार होता. जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी हिंदी महासागरावरून उडणाऱ्या कायपर विमान-वेधशाळेत दुर्बीण रोखून बसले होते. ग्रहाचा व्यास आणि वातावरण मोजावे, एवढाच त्यांचा हेतू होता. पण ग्रह ताऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावला, पुन्हा उजळला आणि असे पाच वेळा घडले. पिधान, म्हणजे ग्रहाने ताऱ्याला झाकणे, संपल्यावर दुसऱ्या बाजूलाही तशीच मंदावणी दिसली, तेव्हा ग्रहाभोवती अरुंद कडी आहेत हे कळले. नोंद थोडी आधीच सुरू केली नसती, तर पहिल्या बाजूचा पुरावा निसटला असता, आणि मला या कथेत तेच सर्वांत मोलाचे वाटते.

या ग्रहाजवळून आजवर एकच यान गेले आहे, २४ जानेवारी १९८६ रोजी, व्हॉयेजर २. त्या वेळी सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाने, ग्रहाचे चुंबकीय आवरण विलक्षण दाबलेले होते, असे २०२४ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर दिसून आले. म्हणजे आपली अनेक अनुमाने एका अपवादात्मक क्षणावर उभी होती. सुमारे ९८ अंश कललेल्या आणि ८४ वर्षांत सूर्याभोवती फिरणाऱ्या या ग्रहाभोवती दीर्घकाळ घिरट्या घालणारे यान पाठवावे, अशी शिफारस अमेरिकी वैज्ञानिकांनी २०२२ मध्ये केली आहे, आणि मी त्या यानाची मनापासून वाट पाहतो आहे.