तुम्ही विचारलंत म्हणून

"त्या गुलामवाल्या जनरलचं तुला एवढं काय?" साताऱ्याहून मामा फोनवर विचारतात, मैत्रिणी विचारतात, आणि इथे अमेरिकेत, साउथ कॅरोलायनाच्या राजधानीत कोलंबियात वाढलेली माझी लेक तर चिडूनच विचारते. दर वेळी मी विषय बदलला. आज लिहूनच टाकते.

आधी कबूल करते, त्या जनरलची, म्हणजे वेड हॅम्प्टनची, बाजू मी घेत आले होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढला. साउथ कॅरोलायनात नवीन होते तेव्हा विधिमंडळाच्या आवारातला त्याचा घोड्यावरचा पुतळा येता-जाता दिसायचा, म्हणून वाचायला लागले. १८६१ साली हा ४३ वर्षांचा. लष्कराचं शिक्षण नाही. इथे आणि मिसिसिपीत कापसाचे मळे. दक्षिणेने अमेरिकेतून फुटून निघायला तो फारसा राजी नव्हता. आफ्रिकेतून गुलाम आणणं पुन्हा सुरू करायलाही त्याने १८५९ मध्ये विरोध केला होता. तरी पदरचा पैसा घालून त्याने फौज उभारली आणि गेटिसबर्गच्या लढाईत डोक्यावर तलवारीचे घाव झेलले. "माणूस सच्चा होता," असं मी सांगत सुटायची. आज नाही म्हणणार. तो पैसा शेकडो गुलामांच्या कष्टाचा होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते वाक्य वाचून पुढे जायची, एवढंच.

पण २७ ऑक्टोबर १८६४ चं काय करू?

व्हर्जिनियात पीटर्सबर्गजवळ बर्जेस मिलची लढाई. सैन्यातले दोन्ही मुलगे त्या दिवशी बापाच्या जवळ होते. धाकटा प्रेस्टन हल्ल्यात पुढे गेला आणि गोळी लागून पडला. त्याला उचलायला थोरला धावला, तर त्यालाही गोळी लागली. हॅम्प्टन घोड्यावरून उतरला, प्रेस्टनला जवळ घेतलं, त्याचा मुका घेतला. पोरगा हातातच गेला. वीस वर्षांचा. त्याआधीच्या वर्षीच ब्रँडी स्टेशनच्या लढाईत हॅम्प्टनचा भाऊ फ्रँक पडला होता. आणि हा माणूस उठला, घोड्यावर बसला आणि परत लढाईत गेला. थोरला जगतोय की नाही, हे त्याला रात्रीपर्यंत कळलं नाही. पुढे त्याने ठरवलं, माझा मुलगा माझ्या हाताखाली नको.

हे वाचलं तेव्हा माझा मुलगाही वीस वर्षांचा होता. मी रडले. त्याची मला लाज वाटत नाही.

लेक म्हणाली, "आई, त्याच्या मळ्यावरच्या मुलांसाठी कधी रडलीस?"

मी पटकन बोलून गेले, "त्यांची नावं तरी कुठे ठाऊक आहेत?" आणि तोंडातून शब्द गेल्यावर चरकले. १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते होते. वर मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव लिहायला रकानाच नव्हता. ज्या व्यवस्थेसाठी हॅम्प्टन लढला तिनेच ती नावं पुसली, आणि मी तेच कारण पुढे करत होते.

शिवाय माझी एक समजूत होती, की पोर गमावलेला बाप दुसऱ्याच्या पोराकडे वेगळ्या नजरेने बघेल. १८७६ मध्ये हॅम्प्टन इथल्या गव्हर्नरपदाला उभा राहिला. त्याच्यासाठी लाल सदरे घातलेल्या घोडेस्वारांच्या टोळ्या कृष्णवर्णीय मतदारांना धाक घालत फिरल्या. त्याच उन्हाळ्यात इथल्याच हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय मिलिशियातली, म्हणजे राज्याच्या नागरी सैन्यदलातली, माणसं पकडून ठार मारली गेली. भाषणांत हॅम्प्टन कृष्णवर्णीयांच्या हक्कांची हमी देत होता, आणि सत्तेवर आला तो या दहशतीच्या जोरावर. त्या माणसांचेही बाप होते.

"मग वाचणं सोड ना," मामा म्हणतात. नाही सोडवत. पोराच्या प्रेतावर वाकलेला बाप मला आधी बाप दिसतो, मालक नंतर. हा क्रम चुकीचा आहे असं लेक म्हणते. असेलही. मला तो बदलता आलेला नाही.

हल्ली तिच्यासोबत ते तक्ते बघते. पुरुष, वय २०, काळा. प्रेस्टन गेला त्याच वयाचे. मी त्या ओळीवर बोट ठेवून थांबते. रडू येत नाही. ते का, हे मात्र अजून मला कोणी विचारलेलं नाही.