आमची वाटचाल : पाण्यापासून दीडशे पावलं

पवना धरणाच्या काठावर तंबू भाड्याने देणारा जो तो आज ‘लेक टच’ची, म्हणजे तंबू अगदी पाण्याला लागून असल्याची, पाटी लावतो. आमच्या पाटीवर ते दोन शब्द नाहीत. का नाहीत ते एकदा लिहून टाकावं, कारण फोनवर रोज पहिला प्रश्न तोच असतो.

२०१४च्या दिवाळीनंतर बारा तंबू, दोन भागीदार आणि भाड्याची सव्वा एकर वरकस जमीन एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. समोर तुंगचा किल्ला, पाठीशी लोहगड. जागा घेताना सातबारा बघितला आणि पाटबंधारे खात्याचा हद्दीचा दगड शोधून काढला. दगडाच्या खाली, पाण्याच्या बाजूला असलेली जमीन धरणासाठी संपादित झालेली असते. कागदावर नाव खात्याचं आणि भाडं घेणारा भलताच, असे व्यवहार काठावर पुष्कळ होतात. तंबू उचलायची नोटीस आली की तो भाडं घेणारा फोन उचलत नाही. आमचे तंबू दगडाच्या वर आहेत, भरल्या पाण्यापासून दीडशे पावलांवर.

दुसरं कारण पाण्याचंच. पवनेचं पाणी नदीत सोडतात आणि पिंपरी-चिंचवडसाठी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात. त्यामुळे पाऊस संपला की काठ खाली सरकायला लागतो. दिवाळीत जिथे पाय ओले होतात, तिथे एप्रिलमध्ये गाळ. वरून वाळून भेगा पडलेला, आत लोण्यासारखा. माणूस निर्धास्त चालत जातो आणि गुडघ्यापर्यंत रुततो. अशा वेळी पाय जोरात ओढला की दुसराही आत जातो. मागे बसायचं, अंगाचा भार पसरायचा, पाय हळूहळू गोल फिरवत सोडवायचा. चप्पल गेली तर जाऊ द्यायची.

आमच्या भागीदाराला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक फोटो बघून येतं, गाळ बघून नाही. खोटं नव्हतं ते. २०१७मध्ये तो वेगळा झाला आणि खालच्याच शेतात, दगड ओलांडून, त्याने वीस तंबू लावले. वेगळं होण्याचं वाईट नाही वाटलं. पण बुकिंगचा मोबाइल नंबर त्याच्या नावावर होता, तो सोबत गेला. तुंगामागे मावळणाऱ्या सूर्याचा आमचा फोटो त्याच्या जाहिरातीत लागला. त्यात आमचा निळा तंबू आणि त्याला लावलेलं हिरवं ठिगळ आजही दिसतं. आमच्याकडे माणशी १२०० रुपये होते, त्याने ७९९ केले. रात्री साडेअकराला त्याचा स्पीकर सुरू असायचा आणि शिव्या आम्ही खायचो, कारण लोकांना वाटायचं दोन्ही एकच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर चालत नाही हा कायदा आहे. तो सांगायला गेलं की आम्ही जळकुटे.

त्याच्या तंबूंचं काय व्हायचं ते मात्र सांगायला हवं. तंबूसोबत येते ती वीतभर लांबीची तारेची खुंटी. गाळात ती लोण्यातून सुरीसारखी निघते आणि मुरमात वाकते. आम्ही पवनानगरच्या वेल्डरकडून १० मिलिमीटर सळईच्या दीड फुटी खुंट्या करून घेतल्या, वर हूक वळवलेला. एका तंबूला आठ, आणि ठोकायला दोन किलोचा लोखंडी हातोडा. रबरी हातोडा मुरमावर नुसता उसळतो. खुंटी उभी ठोकायची नाही. डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं आणि टोक तंबूकडे, म्हणजे दोर ओढेल तशी ती घट्ट बसते. जमीन मऊच असेल तर पोत्यात दगड भरून हातभर खोल पुरायचं आणि दोर त्याला बांधायचा. मे महिन्यातला वळीव बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणून दार त्या बाजूला ठेवायचं नाही. वारा दारातून शिरला की तंबूचा फुगा होतो आणि फायबरच्या काड्या सांध्यापाशी उभ्या चिरतात. चिरलेल्या काडीला हात लावू नका, तिची कुसळं कातडीत राहतात. तेवढ्यापुरती ॲल्युमिनियमची नळी चढवून दोन्हीकडून चिकटपट्टी मारली की रात्र निघते.

मधली दोन वर्षं बरी गेली. मग २०२०.

मार्चमध्ये सगळं बंद. चाळीस तंबू घड्या घालून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले आणि कामावरची मुलं घरी गेली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. शेडचे पत्रे उडाले, पावसात थप्पी भिजली, वर ताडपत्री पडल्यामुळे ती वाळलीही नाही. सगळं उलगडून बघेपर्यंत पाच आठवडे गेले होते. तंबू भिजल्याने मरत नाही, भिजलेला घडी करून ठेवल्याने मरतो. कापडाच्या आतल्या बाजूला पीयूचं, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेन प्लास्टिकचं, अस्तर असतं. ते ओलाव्यात कुजून गुळासारखं चिकट होतं, वास आंबट आणि घडी उलगडताना चर्रर्र आवाज. असा तंबू गेलाच समजायचा. नुसते काळे ठिपके असतील तर ती बुरशी. साध्या साबणाने, मऊ फडक्याने धुऊन सावलीत वाळवला तर डाग राहतात पण तंबू वाचतो. वॉशिंग मशिनमध्ये टाकला की शिवणीवरची पट्टी सुटते. आम्हीही एक चूक केली. शिवणी बंद करायला हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनच्या नळ्या आणल्या. पीयूवर सिलिकॉन धरत नाही, पंधरा दिवसांत सालपटासारखं निघालं. पीयूचंच सीलंट लागतं. चाळीसातले सतरा वाचले.

त्या वेळी धंदा विकायला काढला होता. मालही तोच घेणार होता, खालच्या शेतातला. भावही त्यानेच ठरवला, तंबूला ३०० रुपये.

तो व्यवहार मोडला तो डोंबिवलीच्या बाईंमुळे. पहिल्या वर्षापासून त्या दर जानेवारीत येतात. लोणावळ्याला गाडी बदलून लोकलने कामशेत, तिथून टमटमने पवनानगर. सोबत स्वतःची चादर, स्वतःचा कप. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तंबू आतून ओला होतो आणि लोक ‘गळतो’ म्हणून पैसे परत मागतात. तो आपलाच श्वास थंड कापडावर साचलेला असतो. बाईंना हे कधी सांगावं लागलं नाही, त्या झोपताना वरची जाळी उघडीच ठेवतात. त्या वर्षी त्यांच्या भिशीच्या अकरा जणींचे आगाऊ पैसे आमच्याकडे होते. परत करायला फोन केला तर म्हणाल्या, “राहू द्या. आम्ही येणार आहोत.” त्या पैशांत नवीन शेड उभी राहिली. आता थप्पी जमिनीवर नसते, दोन फुटी मांडणीवर असते.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना दोन गोष्टी, कुणी विचारलेल्या नसल्या तरी. कर्ज काढून स्विमिंग पूल बांधू नका. समोर अख्खं धरण असताना पुलाला क्लोरीन कोण घालत बसणार? आणि लाइफ जॅकेटवर लोकांना बसू देऊ नका. आतला फोम दबला की जॅकेट दिसायला धडधाकट आणि तरंगायला निकामी. मोठ्या माणसाचं नवं जॅकेट साधारण ७ किलो भार तोलतं. दर ऑक्टोबरला प्रत्येक जॅकेटला ८ किलो लोखंड बांधून ते पाण्यात सोडायचं. लोखंड पाण्यात आठवा हिस्सा हलकं भरतं, म्हणून ७ला ८. बुडालं ते कापून टाकायचं. नुसतं बाजूला ठेवलं तर गर्दीच्या शनिवारी कुणीतरी तेच परत लोकांना देतं. जॅकेट होडीसाठी आहे, पोहायला आम्ही कुणालाच सोडत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, तेव्हा कळतं या पाण्याखाली काय काय उभं आहे.

या एप्रिलमध्येही खालच्या शेतातले तंबू पाण्यामागे सरकत सरकत गाळात गेले. पाटी अजून वरच आहे, ‘लेक टच’. परवा वळीव झाला त्या रात्री त्यांचा पोरगा आमच्याकडे हातोडा आणि वीस खुंट्या मागायला आला. दिल्या. खुंट्या सकाळी परत आल्या, अठरा. हातोडा अजून तिकडेच आहे.